खालून पाहिलेला नकाशा

जहाज बुडवायचा पगार मिळतो असा जगात हा एकच धंदा असावा. बाकीचे खलाशी जहाज वर राहावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि हे लोक सकाळी चहा-बिस्किटं खाऊन, हात पुसून, जहाजच पाण्यात घालतात. पोटातल्या टाक्यांमध्ये समुद्र भरून घेतला की फुटबॉलच्या मैदानाएवढा सपाट डेक हळूहळू पाण्याखाली जातो. पुढची राहण्याची पांढरी इमारत आणि मागचे दोन लोखंडी बुरूज तेवढे वर उरतात. मग टगबोटी तेलविहीर खोदायची एखादी रिग ओढत आणतात आणि बुडालेल्या डेकच्या बरोबर वर आणून धरतात. टाक्यांतलं पाणी उपसलं की जहाज खालून वर येतं आणि तो वीस हजार टनांचा लोखंडी डोंगर पाठीवर घेऊन निघतं. बघणाऱ्याला वाटतं, काय जादू आहे! जहाजावरच्यांना माहीत असतं की सगळा कारभार लाकडावर आहे.

लाकूड म्हणजे ठोकळे. लोखंडावर लोखंड टेकलं की जिथे जरा उंचवटा असेल तिथे फाटतं, म्हणून डेकवर आधी लाकडी ठोकळ्यांच्या रांगा लावतात. त्याही कुठेही नाही. रिगच्या तळात जिथे मजबूत फासळ्या असतील, बरोबर त्यांच्याखाली. नकाशा बघायचा, खडूने रेघा मारायच्या, ठोकळा ठेवायचा, लोखंडी पट्टीने डेकला जखडायचा. एकदा डेक बुडाला की मग हात घालायला जागा नाही.

हे काम मिस्त्रीचं. एकतीस वर्षं तो हेच करत होता आणि त्याचं खरं नाव बहुतेक पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. जहाजावर एक जुनी रीत होती. शेवटचा ठोकळा जखडला की मिस्त्री सगळ्या रांगांमधून एकदा चालून यायचा आणि वॉकीटॉकीवर दोनच शब्द बोलायचा, "लाकूड बसलं." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय कप्तान टाकीचा एक व्हॉल्व्हही उघडत नसे. मिस्त्रीला या रिवाजाचा अभिमान होता, आणि थोडा माजही होता, खोटं कशाला बोला. त्याच्या रांगांवरून कोणी पट्टी फिरवली तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्या दिवशी सकाळी साडेसातला तो "लाकूड बसलं" म्हणाला होता.

समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. वाऱ्याचं नाव नव्हतं, आणि टगबोटींच्या मागे एरवी कलकलाट करणारे पक्षी त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे. दूर दक्षिणेला वादळ होतं. त्याच्या लाटा दुपारनंतर पोचतील असं हवामानाच्या कागदावर लिहिलं होतं. या लाटा फेसाळत येत नाहीत, डोळ्यांना धड दिसतही नाहीत, पण सगळा समुद्र हातभर वर उचलतात आणि हातभर खाली सोडतात. वर रिग, खाली डेक आणि मध्ये वीतभर पाणी अशा वेळी त्या आल्या, तर काय होईल हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुपारी दोनच्या आत रिग बसायलाच हवी होती.

मिस्त्री मागच्या डाव्या बुरुजावर, त्याच्या ठरलेल्या जागी, उलट्या बादलीवर बसला होता. हातात वॉकीटॉकी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला नकाशा. समोर रिग इतकी जवळ होती की तिच्या खांबांवरच्या गंजाचे पोपडे मोजता आले असते. तिचे सहा जाडजूड खांब खाली दोन लांबलचक पोकळ पेट्यांवर उभे होते. त्यांना सगळे पाँटून म्हणत, एक डावं आणि एक उजवं. यांतल्या एका पाँटूनच्या तळाला खोलीएवढं ठिगळ होतं. मागे कधीतरी रिग खडकाला घासली होती, तिथे पत्रा बसवला होता. एवढ्या एका प्रवासापुरता, असं म्हणून परवानगी मिळाली होती, आणि अट अशी होती की ठिगळाखाली एकही ठोकळा नको. तिथे मोकळी जागा सोडायची आणि आजूबाजूला दुहेरी रांग लावायची. रिग टेकत असताना एक माणूस पाँटूनमध्ये ठिगळाशी बसून राहणार, पत्रा वाकतोय का, पाणी झिरपतंय का ते सांगायला. माणसाशिवाय ठिगळ एक मिनिटही सोडायचं नाही, असा हुकूम होता.

तो माणूस म्हणजे मिस्त्रीचा जावई. तो रिगवर पंप सांभाळायचा. ही नोकरी मिस्त्रीनेच लावून दिली होती, आणि तीही मुलगी नको नको म्हणत असताना. "बाबा, मी लहान असताना तुम्ही वर्षातले आठ महिने घरी नव्हतात," ती म्हणाली होती. "आता हाही तिकडेच?" तेव्हा मिस्त्रीने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "अगं, मी आहे ना तिथे. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन." मुलगी उठून नवऱ्याची बॅग भरायला गेली होती. तिचं ते उठून जाणं मिस्त्रीला अजून आठवायचं.

अकरा वाजले. जहाज तासाभरापासून वर येत होतं. कंट्रोल रूममधून कप्तानाचा आवाज आला, "अंतर दीड मीटर. सावकाश चाललंय. सगळं ठीक."

पाठोपाठ जावयाचा आवाज आला, विहिरीतून बोलल्यासारखा. "मामा, पोचलो खाली. ठिगळाशीच आहे. एकदम कोरडं आहे."

मिस्त्री कामावर सगळ्यांना अरेतुरे करायचा, पण जावयाला मात्र अहोजाहो. "शाब्बास, जावईबापू. आता तिथेच बसा. डावं पाँटून जरा तापलेलं असेल, ऊन त्याच बाजूला आहे."

"डावं नाही मामा, उजवं. डाव्यात कशाला जाऊ?"

मिस्त्री हसला. "अंधारात दिशा हरवली वाटतं. तोंड मागे करून उभे असाल."

"तोंड पुढेच आहे. आणि उजवा हात उजवीकडेच आहे, बघितलं आत्ता." जावईही हसला. "ठिगळ उजव्यातच आहे हो मामा. काल दिवसभर इथेच होतो मी."

मिस्त्री म्हणाला, "बरं बरं," आणि बटण सोडलं. मग त्याने पिशवीतून नकाशा काढला.

नकाशावर ठिगळ डाव्या बाजूला होतं. बाण पुढे, म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला, आणि ठिगळाची काळी चौकट डावीकडे. मिस्त्रीने डावीकडेच मोकळी जागा सोडली होती. बाहेरून आलेल्या तपासनिसाने एकेक ठोकळा कागदाशी ताडून पाहिला होता, आणि सगळे दोनशे चाळीस ठोकळे कागदाप्रमाणे अगदी तंतोतंत होते. मिस्त्रीने चष्मा लावला. एकतीस वर्षांत शेकडो नकाशे त्याच्या हातांखालून गेले होते, पण ते सगळे त्याच्या कंपनीचे, वरून बघितल्यासारखे काढलेले. हा रिगच्या मालकांकडून आलेला जुना, पिवळट कागद होता. खालच्या कोपऱ्यात, घडी पडून झिजलेल्या जागी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. तळ खालून पाहिल्याप्रमाणे.

माणसाच्या तळपायाकडे खालून बघितलं की अंगठा दुसऱ्या बाजूला जातो. लहान मुलालाही कळेल अशी गोष्ट. मिस्त्रीने तळपायाचं चित्र पावलाच्या वरच्या बाजूचं समजून वाचलं होतं. ज्या पाँटूनला गरज नव्हती त्याच्याखाली मोकळी जागा होती, आणि ठिगळाखाली, बरोबर मधोमध, कठीण लाकडाच्या आठ ठोकळ्यांची सलग रांग होती. त्याने स्वतः जखडलेली, एकही ठोकळा हलू नये अशी.

त्याने रिगकडे पाहिलं. पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, पोरगा खाली आहे.

वॉकीटॉकी हातातच होता. "थांबा" म्हणायचं, की झालं. पण त्या एका शब्दामागे काय काय उभं होतं! पंप थांबणार, जहाज पुन्हा खाली घालावं लागणार, रिग बाहेर काढून टगबोटींच्या दोरांवर ठेवावी लागणार, आणि दुपारनंतर लाटा येणार. ठोकळे नव्याने लावायला दोन दिवस. आणि हे सगळं कशामुळे, तर मिस्त्रीला नकाशा वाचता आला नाही. तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. लोक काय सांगतील? एकतीस वर्षं लाकूड बसवलं आणि शेवटी डावं-उजवं कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण. शिवाय पत्रा सोसेलही. इंजिनियर लोक भित्रे, एकाला दोन धरतात, हे त्याने किती वेळा पाहिलं होतं. सोसेलच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मन असंच असतं. पाय घसरला की खाली उतरायच्या पायऱ्या आपणच बांधत जातं.

पण पत्रा सोसेल यावर त्याचा जो काही विश्वास होता, तो जावयाला तिथे बसू द्यावं एवढा नव्हता. त्याने बटण दाबलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाला, "जावईबापू, जरा वर या. घरून फोन आलाय तुम्हाला."

"आत्ता? काय झालं? बरी आहे ना ती?"

"बरी आहे, बरी आहे. काहीतरी बोलायचंय म्हणे. तुम्ही वर या आधी."

"येतो," जावई म्हणाला, आणि लोखंडी शिडीवर बुटांचा आवाज सुरू झाला तेवढ्यात त्याने बटण सोडलं. अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती. पाँटूनपासून रिगच्या डेकपर्यंत पाच शिड्या होत्या. म्हणजे पंधरा मिनिटं तरी लागणार.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक हसत हसत म्हणतात. मिस्त्री त्या बादलीवर बसून राहिला आणि हसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"अंतर नव्वद सेंटिमीटर," कप्तान म्हणाला. मग, "सत्तर."

पाण्याखाली डेक दिसायला लागला होता, हिरवट, थरथरणारा. मिस्त्रीला त्यात आपल्या रांगा ओळखू येत होत्या. बुरुजावर पाणी मोजायची पांढरी पट्टी रंगवलेली होती. तिच्याकडे त्याचं सहज लक्ष गेलं. वर येणाऱ्या जहाजाच्या पट्टीवर पाणी खालीच जायला हवं. ते चार बोटं वर चढलं, क्षणभर थांबलं आणि उतरलं. समुद्र वरून तसाच गुळगुळीत होता. टगबोटींचे दोर एकदम ताठ झाले आणि पुन्हा सैल पडले. दुपारनंतर यायच्या त्या लाटा आल्या होत्या.

आता तरी बोल, असं त्याने स्वतःला सांगितलं. अंगठा बटणावर नुसताच टेकून राहिला. हा वर पोचू दे, मग बघू, असं तो मनातल्या मनात म्हणत राहिला. वर पोचला की मग बघू. त्या 'मग'मध्ये काय बघायचं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अकरा तेहतीसला रिगच्या कठड्याशी जावयाचं पिवळं हेल्मेट दिसलं. मिस्त्रीने इतका मोठा श्वास सोडला की त्याचे खांदे खाली आले. जावयाने हात हलवला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला. धापा टाकत होता.

"मामा, आलो. चालू आहे का फोन?"

"ठेवला तिने. नंतर कर म्हणाली."

"काय हो मामा! पाच शिड्या चढून आलो. बरं, जातो परत खाली."

"नको, नको!" मिस्त्री जवळजवळ ओरडलाच. "वरच थांबा तुम्ही."

"थांबतो. तसंही खाली ठिणगीकाका बसलेत. मी निघालो तेव्हा म्हणाले, जा तू खुशाल, माझंच ठिगळ आहे, मीच बसतो त्याच्याशी."

ठिणगी म्हणजे वेल्डर. ठिगळ त्यानेच बसवलं होतं. मिस्त्रीबरोबर तीन जहाजांवर काम केलेला, आदल्याच दिवशी चहाच्या टेबलावर मिस्त्रीला "लाकूडतोड्या" म्हणून चिडवून गेलेला, साठीला आलेला माणूस.

मिस्त्रीने बटण इतक्या जोरात दाबलं की अंगठ्याचं नख वाकलं. "थांबा! कप्तान, पंप थांबवा! जहाज खाली घ्या! ठोकळे चुकलेत. ठिगळाखाली ठोकळे आहेत. ठिणग्या, बाहेर पड! सगळं टाक आणि बाहेर पड!"

कप्तान चांगला होता. एक प्रश्न विचारला नाही. पंप लगेच बंद झाले, टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडले. पण एवढं मोठं धूड चढणीला लागलेलं असतं, ते आज्ञा ऐकून जागच्या जागी थांबत नाही. अंतर वीस सेंटिमीटर होतं, मग पंधरा. तेवढ्यात समुद्राने पुन्हा सगळं उचललं आणि खाली सोडलं. रिग टेकली. आवाज फार मोठा झाला नाही. खालून, पाण्यातून, जाड दार लावून घेतल्यासारखा एक ठोका आला, आणि त्यापाठोपाठ पत्रा फाटल्याचा लांबलचक करकराट बुरुजाच्या लोखंडातून मिस्त्रीच्या पायांना कळला.

त्याने वर पाहिलं. कठड्याशी पिवळं हेल्मेट नव्हतं. जावई पुन्हा शिडीकडे पळाला होता.

पुढचा अर्धा तास मिस्त्रीने कसा काढला ते विचारू नये. तो वॉकीटॉकीवर जावयाला हाका मारत होता आणि तिकडून नुसती खरखर येत होती. जहाज बोटाबोटाने खाली जात होतं, रिग त्याच्यावरून सुटत होती, आणि तिची उजवी बाजू पाण्याकडे जराशी कलली होती. शेवटी रिगवरून कोणीतरी म्हणालं, "दोघे वर आलेत. पाँटूनचं दार बंद केलंय. वेल्डरचा पाय चिरडलाय, पण जिवंत आहे."

दुपारी तीनला दोघांना बोटीने जहाजावर आणलं, कारण बरी अशी दवाखान्याची खोली जहाजावरच होती. पांढऱ्या भिंती, एक खाट, औषधांचं कपाट, आणि जमीन आता उघड उघड डुलत होती. ठिणगी खाटेवर होता. उजवा पाय गुडघ्यापासून खाली पट्ट्यांत गुंडाळलेला. वाकलेल्या पत्र्याने तो शिडीशी चिरडला होता, आणि जावयाने कंबरभर पाण्यात उभं राहून तो सोडवला होता. जावई टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसला होता. कप्तान नोंदवही घेऊन दाराशी उभा होता. मिस्त्री आत आला तसा ठिणगीने हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं.

"लिहा कप्तान," ठिणगी म्हणाला. औषधाने त्याची जीभ जड झाली होती. "हा ओरडला म्हणून पहिल्या शिडीपर्यंत तरी आलो. नाहीतर तिथेच उभ्या उभ्या गेलो असतो. लाकूडतोड्या आहे, पण आपला आहे."

कप्तानाने मान डोलावली. "मिस्त्री, चूक झाली ती झाली, चौकशी होईल. पण लक्षात आल्याबरोबर तुम्ही सांगितलंत, हे मी आवर्जून लिहिणार आहे. अकरा चौतीसला तुम्ही थांबा म्हणालात. म्हणजे लक्षात आलं तेव्हाच. तसंच लिहितो."

पेन कागदावर टेकलं. गप्प बसलं तरी पुरे होतं. मिस्त्रीने जावयाकडे पाहिलं. जावई त्याच्याकडेच बघत होता. त्याला घरून फोन आला होता की नव्हता हे त्याने विचारलं नव्हतं, आणि आता तो विचारणारही नव्हता. तो नुसता वाट बघत होता. मिस्त्रीला त्याच्या नजरेची लाज वाटली, आणि ठिणगीच्या हाताची त्याहून जास्त वाटली.

"अकरा दहाला," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"अकरा दहाला कळलं मला. फोनबिन काही आला नव्हता. जावयाला वर काढलं आणि गप्प बसलो." त्याने नोंदवहीकडे बोट केलं. "चोवीस मिनिटं. बसून राहिलो नुसता."

कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या. ठिणगीचा हात अजून मिस्त्रीच्या मनगटावर होता, पण बोटं सैल पडली होती.

"मी खाली गेलोय हे तुला माहीत नव्हतं," ठिणगी म्हणाला. जुन्या मित्राला वाट काढून द्यावी तसं म्हणाला.

"नव्हतं. शपथ."

ठिणगीने नजर छताकडे वळवली.

"पण तो वर आला म्हणजे त्याच्या जागी कोणीतरी खाली जाणार," तो म्हणाला, "हे तर माहीत होतं ना?"

मिस्त्री म्हणाला, "होतं."

ठिणगीने हात काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला. मग त्याने जावयाकडे पाणी मागितलं. कप्तानाने आधी लिहिलेली वेळ खोडली आणि तिच्या वर अकरा दहा लिहिलं.